अकरा वाक्यांपैकी सात

क्षितिजाला मी ती चार वर्षांची असल्यापासून ओळखते. पिपलानीत, हिंदी मुलखातल्या कारखान्याच्या वसाहतीत, आमच्या क्वार्टरसमोरचं दार त्यांचं. तिचे वडील अरविंद कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात, आई सुलभा घरी. आमचे हे निवृत्त झाले तेव्हा मुलगा त्याच कारखान्यात लागलेला होता, म्हणून आमचं बिऱ्हाड तिथेच राहिलं आणि ही मुलगी माझ्या डोळ्यांसमोर वाढली.

मी एकतीस वर्षं इथल्या शाळेत हिंदी शिकवलं. घरात मात्र नागपूरहून आणलेलं मराठी जपलं. क्षितिजा शाळेत असताना निबंध, भाषणं, सगळं घेऊन माझ्याकडे यायची. "काकू, जरा बघता?" म्हणायची. मी बघायचे. एखादी उपमा, सुरुवातीला एखादा सुविचार, शेवटी एखादं आवाहन घालून द्यायचे. तिला बक्षिसं मिळायची. त्यांच्या बैठकीतल्या काचेच्या कपाटात ती अजून मांडलेली आहेत.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात माझाही हात आहे.

क्षितिजा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला गेली त्या पावसाळ्यात आमच्या मराठी मंडळाने ठरवलं, की दर रविवारी मुलांना मराठी लिहायला शिकवायचं. इथली आमची मुलं मराठी बोलतात, पण शाळा हिंदी. त्यामुळे लिहायला बसली की 'शाळा'ची 'शाला' होते आणि 'मी गेलो होतो'चं 'मी गेलो था' व्हायचंच काय ते बाकी राहतं. मंडळाचे सचिव सत्यजित यांनी मला विचारलं. माझे गुडघे दुखतात. मी क्षितिजाचं नाव सुचवलं.

तिने ते मनावर घेतलं. मंडळाच्या हॉलमध्ये टेबल टेनिसचं टेबल भिंतीला लावून सतरंजी अंथरायची, सकाळी दहा ते बारा वर्ग. चौदा मुलं. सगळी तिला दीदी म्हणत. ती म्हणायची, "दीदी नाही, ताई म्हणा. मराठीचा वर्ग आहे ना हा?" मुलं एकदा ताई म्हणायची आणि पुढच्या वाक्याला पुन्हा दीदी.

त्या चौदांत जुई होती. तेरा वर्षांची, आठवीतली. वडील विजय गोविंदपुऱ्यात एका वर्कशॉपमध्ये फिटर. मूळचे अचलपूरकडचे, राहायला आनंद नगरात दोन खोल्या. आई दोन वर्षांपूर्वी काविळीने वारलेली. घरी बघायला कोणी नाही म्हणून जुई आपल्या धाकट्या बहिणीला, सहा वर्षांच्या स्नेहाला, बरोबर आणायची. स्नेहा मागे बसून पाठकोऱ्या कागदांवर घरं काढायची. जुई फार बोलायची नाही. अक्षर मात्र असं, की पान हातात घेऊन बघत राहावं.

जानेवारीत मंडळाने मराठी भाषा दिनासाठी निबंध स्पर्धा जाहीर केली. आठवी ते दहावीचा विषय होता 'माझी आई'. क्षितिजाने सचिवांना सांगून पाहिलं, की वर्गात एक मुलगी आहे, तिला आई नाही, दुसरा एखादा विषय ठेवा. पण पत्रकं छापून झाली होती. मग तिने जुईला बाजूला घेऊन सांगितलं, "तू नाही लिहिलंस तरी चालेल."

जुई म्हणाली, "लिहिते."

आणि तिथेच सतरंजीवर बसून तिने अर्ध्या तासात एक पान लिहून दिलं. अकरा वाक्यं होती. क्षितिजाला पुढे त्यातली सातच आठवली. ती अशी:

*माझी मम्मी मंडीदीपला कंपनीत जायची. तिच्या हाताला दवाईचा वास यायचा. ती रागावली की बोलायची नाही, भांडी जोरात ठेवायची. रविवारी ती दुपारभर झोपायची आणि आम्हाला आवाज करू द्यायची नाही. मला तेव्हा तिचा राग यायचा. आता रविवारी आवाज केला तरी चालतं. पण आम्ही करत नाही.*

क्षितिजा मला नंतर म्हणाली, "काकू, मी ते तिथेच दोनदा वाचलं. मग फाइलमध्ये ठेवून दिलं. मला वाटलं, हे स्पर्धेत चालणार नाही. ना सुरुवात, ना शेवट. आईबद्दल 'राग' लिहिलाय. परीक्षक काय म्हणतील?"

परीक्षक मी होते.

पुढच्या रविवारी क्षितिजाने तिला दोन पानं लिहून आणून दिली. 'आई म्हणजे वात्सल्याचा अथांग सागर' अशी सुरुवात. मग कष्ट, त्याग, तेवत राहणारी समई. 'दिवसभर राबून घरी आली तरी माझ्या आईच्या ओठांवरचं हसू कधी मावळलं नाही. आम्हा दोघी बहिणींना कुशीत घेऊन ती मधुर आवाजात अंगाई गायची.' शेवटी, 'आज ती आकाशातली चांदणी होऊन आमच्याकडे पाहते आहे.'

जुईने दोन्ही पानं नीट वाचली. मग म्हणाली, "दीदी, मम्मी गात नव्हती."

"अगं, निबंधात चालतं. सगळ्याच आया थोडंफार गातात."

"आणि मम्मी नाही लिहायचं?"

"मराठीत आई म्हणतात, जुई."

जुईने आणखी काही विचारलं नाही. आपल्या सुंदर अक्षरात तिने ती दोन पानं उतरवून काढली. एका ठिकाणी शाई पसरली म्हणून पुन्हा एकदा उतरवली. तिचं पहिलं पान क्षितिजाच्या फाइलमध्ये राहिलं.

माझ्याकडे त्रेचाळीस निबंध आले, नावं झाकून, नंबर घालून. मी पलंगावर पसरून वाचले. सगळ्यांत सागर होता, सगळ्यांत समई होती. त्यातल्या त्यात सव्वीस नंबरचा ओघवता वाटला, त्यात आई गेल्याचंही होतं, अक्षर तर देखणंच. मी पहिला नंबर दिला. घरात वाचून दाखवला तेव्हा आमच्या ह्यांचेही डोळे पाणावले. मला स्वतःचं कौतुक वाटलं, की त्रेचाळिसांतून बरोबर हिरा काढला.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी कार्यक्रम झाला. पहिल्या आलेल्यांनी आपला निबंध वाचून दाखवायचा अशी प्रथा. जुई माईकसमोर उभी राहिली, दोन वेण्या, शाळेचाच गणवेश. आवाज स्वच्छ होता. अंगाईच्या वाक्यापाशी ती थांबली. लोकांना वाटलं, पोरीला भरून आलं. मलाही तेच वाटलं. मग तिने ते वाक्य वाचलं आणि पुढचं सगळं भरभर वाचून टाकलं. टाळ्या फार वेळ वाजत होत्या. पुढच्या रांगेतल्या बायका पदराने डोळे टिपत होत्या. मी स्टेजवर तिच्या डोक्यावर हात ठेवला. केस तेलाने चपचपीत होते. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

तिचे वडील सहाव्या रांगेत होते. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर स्नेहा. स्नेहा दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवत होती. विजय मात्र सबंध वेळ खाली फरशीकडे बघत होते. मी मनात म्हटलं, बिचाऱ्याला बायकोची आठवण झाली असेल.

त्यानंतरच्या रविवारी जुई वर्गाला आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. क्षितिजाने फोन केला तर विजय म्हणाले, तब्येत ठीक नाही. असे पाच रविवार गेले. तोवर मंडळाची स्मरणिका छापून आली होती, तिच्यात जुईचा निबंध होता. ती द्यायच्या निमित्ताने क्षितिजा एप्रिलमधल्या एका दुपारी स्कूटर घेऊन आनंद नगरला गेली.

दार स्नेहाने उघडलं. क्षितिजाला पाहून तिला फार आनंद झाला. चप्पल काढायच्या आतच तिने विचारलं, "दीदी, मम्मी आम्हाला अंगाई म्हणायची ना, तिच्यात पुढे काय होतं? ताई पुढचं सांगतच नाही. तुम्हीच ताईला लिहायला शिकवलं ना? मग तुम्हाला माहीत असेल."

समोरच्या भिंतीवर अलकाचा, म्हणजे त्या मुलींच्या आईचा, हार घातलेला फोटो होता. त्याच्या खाली ती दोन पानं लॅमिनेट करून लावलेली होती.

विजय आतून आले, खुर्ची पुसून दिली, पाणी आणलं. स्मरणिका त्यांनी चाळली, निबंधाचं पान काढलं आणि परत मिटली.

"लिहिलंय चांगलंच मॅडम," ते म्हणाले. "आमच्या शॉपमध्येपण सगळ्यांनी वाचलं. सुपरवायझरने फोटो काढून नेला. पण ती अशी नव्हती हो."

क्षितिजाने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"थकून यायची बिचारी. चिडायची. एकदा रुसली की चार-चार दिवस बोलायची नाही. हसू-बिसू कुठलं? तिथे बसून मी विचार करत होतो, की हे कोणाबद्दल चाललंय." ते थोडं थांबले. "मग वाटलं, पोरीला आई अशी दिसत असेल तर दिसू दे. आपण कशाला बोला. ही छोटी तर रोज वाचून घेते. तिला काहीच आठवत नाही ना, चार वर्षांची होती. तिच्यासाठी मीच लावलं ते भिंतीवर. पण जुई तेव्हापासून नीट बोलत नाही घरात."

जुई मागच्या ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. क्षितिजा जाऊन तिच्याजवळ बसली. ताटातले खडे जुई बोटाने एका कडेला सारत होती.

"रागावलीस माझ्यावर?" क्षितिजाने विचारलं.

जुईने मान हलवली. नाही म्हणून, की हो म्हणून, ते कळेना.

"दीदी, मी मम्मीला आठवते ना," ती म्हणाली, "तर आता गाणं ऐकू येतं. मला माहितीये ती गात नव्हती. तरी येतं." मग म्हणाली, "स्नेहा रोज विचारायची कोणतं गाणं. परवा मी तिला एक म्हणून दाखवलं. टीव्हीवरचं. तिला म्हटलं, हेच. आता ती तेच म्हणत झोपते."

"जुई…"

"दीदी, माझं पहिलंवालं पान देऊन टाका ना. तुमच्याजवळच होतं."

क्षितिजाला माहीत होतं, ते पान नाही. मार्चमध्ये परीक्षेच्या आधी तिने फाइल रिकामी केली होती. जुने कागद, झेरॉक्स, मुलांची कच्ची पानं, सगळं वर्तमानपत्रांबरोबर रद्दीत गेलं होतं. तिच्या मनात आलं, की सांगावं, शोधते. पण तिने तसं सांगितलं नाही.

"ते नाहीये गं. माझ्याकडून रद्दीत गेलं."

जुईचा हात ताटात थांबला.

"मला आठवतंय त्यातलं," क्षितिजा घाईने म्हणाली आणि एकेक वाक्य सांगू लागली. मंडीदीप. दवाईचा वास. भांडी. रविवार. राग. आवाज. करत नाही. सात झाली आणि तिची गाडी अडली.

"अकरा होते," जुई म्हणाली. "मी मोजले होते. बाकीचे चार?"

"नाही आठवत. तू आठवून बघ ना. मी इथे बसते, तू पुन्हा लिही. मी एक शब्द बदलणार नाही."

"तेव्हा आपोआप आले होते," जुई म्हणाली. "आता आठवायला बसलं की तुमचेच येतात."

तिच्या आवाजात राग नव्हता. क्षितिजा नंतर मला म्हणाली, राग असता तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली आणि हे सगळं मला सांगितलं. मी सोफ्यावर बसून ऐकत होते आणि मला त्या मुलीचे तेलकट केस हाताला लागल्यासारखे वाटत होते. मी म्हटलं, "तू तिचं भलंच बघत होतीस." असलं काहीतरी म्हणायचं म्हणून म्हटलं.

ती म्हणाली, "काकू, मी सातवीत 'माझी आजी' लिहिला होता. जिल्ह्यात पहिला आला होता. त्यात आजी तुळशीपाशी बसून गोष्टी सांगते असं तुम्ही घालून दिलं होतं. माझी आजी नागपूरला तिसऱ्या मजल्यावर राहायची. तिच्याकडे तुळस नव्हती. आता आजी म्हटलं की मला ती तुळशीपाशीच दिसते. मला आजपर्यंत हे लक्षातच आलं नव्हतं."

एकतीस वर्षांत किती मुलांच्या आज्यांना मी तुळशीपाशी बसवलं असेल, त्याचा हिशेब कोण करणार? शिकवताना मला कधी वाटलंच नाही, की मी काही काढून घेते आहे. मला वाटायचं, मी देते आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुलभा काळजीने माझ्याकडे आली. "सुधाताई, क्षितिजाला काही झालंय का हो? मी पोळ्या लाटतेय आणि ही ओट्यापाशी उभी राहून विचारते, आई, तुला काय आवडत नाही? म्हटलं, बरं वाटत नाही का तुला? तर म्हणते, नाही, मला खरंच माहीत नाही म्हणून विचारतेय."

"मग तू काय सांगितलंस?"

सुलभा जरा लाजली. "सांगितलं, की मला पाहुण्यांसमोर 'आमच्या हिला सगळं चालतं' असं हे म्हणतात ना, ते आवडत नाही. बावीस वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं."

मी सचिवांकडे गेले. त्यांना म्हटलं, तो निबंध मुलीचा नव्हता, निकाल मी चुकीचा दिला. सत्यजित सज्जन माणूस आहे. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, "मॅडम, अर्ध्या मुलांचे निबंध घरचेच लिहून देतात. तुम्हाला काय माहीत नाही? आता स्मरणिका घरोघर गेली. बक्षीस परत घेतलं तर त्या पोरीलाच लोक नावं ठेवतील." ते खरंच होतं. क्षितिजालाही ते मान्य होतं. ती म्हणाली, "तिचं काही काढून घेऊ नका. एकदा घेतलंय तेवढं पुरे." मग आम्ही एवढंच केलं, की पुढच्या वर्षापासून मुलांनी हॉलमध्ये बसून, कोणाच्या मदतीशिवाय लिहायचं, आणि घरी जो शब्द बोलतात तो लिहिला तर गुण कापायचे नाहीत. मंडळात त्यावर बरीच वादावादी झाली. 'मम्मी' लिहिलेलं चालवून घ्यायचं तर मराठी मंडळ कशाला, असं एका गृहस्थांनी विचारलं. त्यांचंही अगदी चूक होतं असं नाही.

क्षितिजा मात्र दर रविवारी वर्ग संपला की आनंद नगरला जायला लागली. जुईला तिने आधी विचारलं होतं, येऊ का म्हणून. जुई म्हणाली होती, या. ती जाऊन बसायची. लिहिण्याचं नाव काढायची नाही. कधी जुईला गणितात मदत, कधी नुसतंच काही निवडत बसणं. विजय घरी असले तर चहा करायचे.

तिसऱ्या की चौथ्या रविवारची गोष्ट. स्नेहा भिंतीपाशी उभी राहून ते टीव्हीवरचं गाणं गुणगुणत होती. मध्येच वळून तिने ताईला विचारलं, "मम्मी याच्यापुढचं काय म्हणायची?"

जुईने वही मिटली.

"स्नेहा, मम्मी गाणं नव्हती म्हणत."

"म्हणायची. लिहिलंय तिथे."

"ते खरं नाहीये. ते गाणं टीव्हीवरचं आहे. मी तुला खोटं सांगितलं."

स्नेहा क्षितिजाकडे बघायला लागली. तिला वाटलं, मोठी माणसं आता ताईला रागावतील.

क्षितिजा खुर्चीवरून उठून खाली तिच्यासमोर बसली. "ताईने नाही गं, ते मी लिहिलं होतं. तुझी मम्मी मला माहीत नव्हती, तरी मी लिहिलं. चुकलं माझं."

स्नेहाने आधी तोंड वाकडं केलं आणि मग मोठ्याने रडायला लागली. आई गेली तेव्हा तिला रडायचं कळलंही नसेल. आता मात्र ती हातपाय आपटून रडली. विजय चहाची भांडी टाकून बाहेर आले. तिला उचलून घेऊ लागले तर ती त्यांना ढकलायला लागली. हुंदक्यांतून एकच विचारत होती, "मग ती काय करायची? गाणं नाही तर काय करायची?"

जुई खाली बघत होती. आणि मग विजय म्हणाले, "भांडी आपटायची."

स्नेहा रडता रडता थांबली. "कशाला?"

"राग आला की. एकदा माझ्यावर चिडली आणि चहाचं पातेलं असं ठेवलं, असं ठेवलं, की त्याची कडाच वाकली. शेजारच्या भाभी धावत आल्या, काय पडलं म्हणून."

"कोणतं पातेलं?"

"आतलंच की. त्याच्यातच तर चहा करतो आपण."

स्नेहा आत गेली आणि ते पातेलं घेऊन आली. आत चहाची पत्ती चिकटलेली होती. वाकलेल्या जागेवरून ती बोट फिरवत राहिली. जुईला एकदम हसू फुटलं आणि हसता हसता ती रडायला लागली. क्षितिजाने तिला रडताना प्रथमच पाहिलं. मग जुईच सांगायला लागली, मम्मीला भेंडी चिरायला आवडायची नाही, ती माझ्याकडे सरकवायची. विजय म्हणाले, कंपनीच्या बसमध्ये तिला हमखास झोप लागायची, दोनदा तर स्टॉप सोडून पुढे गेली होती. एकाचं झालं की दुसऱ्याचं. काही गोष्टी जुईला माहीत नव्हत्या, काही विजयना. स्नेहा पातेलं मांडीत घेऊन दर वेळी म्हणत होती, "अजून."

क्षितिजा म्हणाली, "काकू, माझ्या पर्समध्ये वही होती. हात आपोआप तिकडे गेला. मग वाटलं, हे माझ्याजवळ असायचं काही कारण नाही." ती उठली, चपला घातल्या आणि दार ओढून घेऊन निघून आली. ती गेल्याचं कोणाच्या लक्षातही आलं नसावं.

भिंतीवरचा निबंध पुढे दिवाळीत रंग काढताना उतरला, आणि नंतर कोणी लावला नाही. स्नेहाने तो मागितलाही नाही.

जुई पुन्हा वर्गाला यायला लागली, पण नेमाने नाही. आता ती दहावीला आहे. गणितात रमते, लिखाण आपलं काम नाही असं म्हणते. आईबद्दल तिने पुन्हा एक ओळ लिहिलेली नाही. ती राहिलेली चार वाक्यं मिळाली नाहीत. भेंडीचं त्यातलं एक असेल का, असं क्षितिजाने तिला एकदा विचारलं होतं. जुई म्हणाली, असेल, माहीत नाही.

क्षितिजाचा वर्ग चालू राहिला. तिथे आता ती मुलांच्या कागदावर काही लिहीत नाही. शेजारी बसते आणि विचारते, "मग?" पुष्कळदा मुलं म्हणतात, "मग काही नाही." तर ती म्हणते, "बरं." काही पालकांनी मुलं काढून घेतली, प्रगती दिसत नाही म्हणून. चौदाची नऊ झाली.

यंदा तिचं बी.ए. संपलं. कॉलेजात सामाजिक कार्याचं एक प्रमाणपत्र असतं. त्यासाठी आपण काय केलं आणि त्यातून काय शिकलो, ते पाचशे शब्दांत लिहून द्यायचं. एम.पी. नगरमधल्या एका कोचिंगवाल्यांनी तिला शिकवायला बोलावलं होतं, त्यांना ते प्रमाणपत्र हवं होतं. ती कागद घेऊन माझ्याकडे आली. बरीच वर्षं ती काही दाखवायला आली नव्हती. लिहिलेलं हिंदीत होतं. मराठीत सांगायचं तर असं:

*मी दोन वर्षं मुलांना मराठी लिहायला शिकवलं. त्यातल्या एका मुलीने स्वतःच्या आईबद्दल खरं लिहिलं होतं. मी ते बाजूला ठेवून तिला माझं लिहायला लावलं. तिचं पान माझ्याकडून हरवलं आणि ते मला परत करता आलं नाही.*

मी दोनदा वाचलं. एक अनुस्वार राहिला होता, तो दाखवला. बाकी कशालाही हात लावला नाही.

कॉलेजने तो कागद परत पाठवला. शब्द कमी आहेत, आणि 'काय शिकलो' हा भाग लिहिलेला नाही, असा शेरा होता. सुलभा म्हणाली, अगं, चार ओळी वाढवून दे, काय बिघडतं? क्षितिजा दोन दिवस तो कागद टेबलावर ठेवून होती. तिसऱ्या दिवशी तिने कॉलेजात जाऊन सांगितलं, की माझं एवढंच आहे. प्रमाणपत्र मिळालं नाही. कोचिंगवाल्यांनी दुसरी मुलगी घेतली. क्षितिजाने बी.एड.चा फॉर्म भरला आहे, यादी अजून लागायची आहे.